शटरचा जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घरी दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झालं, मग सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यातही चित्र दिसू लागलं. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत घराघरांत आलेले क्राउन, वेस्टन, टेलिव्हिस्टा, डायनोरा, नेल्को, ईसी असे संच आज माळ्यावर किंवा गावच्या घरात पडून आहेत. लाकडी कॅबिनेट, सरकतं शटर, वीस इंची पडदा. हे प्रश्न अशाच संचांबद्दलचे आहेत. रंगीत टीव्हीचं काम वेगळं, ते इथे नाही.

टीव्ही नुकताच माळ्यावरून उतरवला. चालतो का ते बघायला एकदा प्लग लावू का?

नको. सगळ्यात जास्त संच याच एका मोहापायी जातात. पंचवीस-तीस वर्षं पडून राहिलेल्या संचातले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून बिघडलेले असतात. त्यांच्या आतल्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साईडचा पातळ थर असतो, तोच व्होल्टेज अडवून धरतो. वापर नसला की तो थर कमकुवत होतो, आतलं द्रवही सुकत जातं. अशा कंडेन्सरला एकदम २३० व्होल्टची वीज दिली की तो जवळजवळ शॉर्टसारखा वागतो, तापतो, कधी फुटतो. स्वतः गेला तर हरकत नाही, शंभर रुपयांच्या आतलं काम आहे. पण जाताना तो रेक्टिफायर, ट्रान्सफॉर्मर किंवा एलओटी (पिक्चर ट्यूबचं उच्च व्होल्टेज बनवणारा लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर) सोबत घेऊन जातो, आणि एलओटी आता मिळत नाही.

म्हणून आधी मागचं झाकण उघडायचं, बघायचं, साफ करायचं, कंडेन्सर तपासायचे. वीज सगळ्यात शेवटी.

माझा संच कोणत्या जातीचा आहे, हे कसं ओळखायचं?

मागून बघा. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच संचांत काही काम ट्रान्झिस्टर करतात आणि जड काम व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या. पीएल ५०४, पीवाय ८८, पीसीएल ८०५, डीवाय ८०२ अशी नावं काचेवर छापलेली सापडली तर हा हायब्रिड संच. नावातलं पहिलं अक्षर पी असेल तर त्या व्हॉल्व्हचं हीटर ३०० मिलिअँपिअरवर चालतं, आणि असे सगळे हीटर एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले असतात. त्यामुळे एक हीटर तुटलं की सगळे विझतात. 'एकही व्हॉल्व्ह पेटत नाही' ही तक्रार दिसते तेवढी भयंकर नसते. मीटरने एकेक हीटर तपासला की दोषी सापडतो.

व्हॉल्व्ह दिसलेच नाहीत तर संच पूर्ण ट्रान्झिस्टरचा. त्यात आडव्या स्कॅनिंगसाठी बहुतेकदा बीयू २०५ हा गोल धातूचा ट्रान्झिस्टर हीटसिंकवर बसवलेला असतो.

तिसरी जात म्हणजे बारा-चौदा इंची पोर्टेबल, जे बारा व्होल्टवरही चालायचे. लाइट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी जोडून गावभर ज्यांच्यासमोर बसायचं, ते हे. पहिल्यांदाच या कामाला हात घालत असाल तर असा एखादा पोर्टेबल मिळवा. त्यात मेन ट्रान्सफॉर्मर असल्याने चॅसी (आतली लोखंडी चौकट) सहसा लाइव्ह, म्हणजे विजेला थेट जोडलेली, नसते, आणि वजनही एकट्याला उचलता येतं.

शॉकची भीती खरी किती?

खरी आहे, पण लोक चुकीच्या जागी घाबरतात. सगळे पिक्चर ट्यूबला भितात. खरा धोका तीन ठिकाणी असतो, आणि माझ्या मते त्यांचा क्रम असा.

पहिली चॅसी. हायब्रिड आणि बऱ्याच ट्रान्झिस्टर संचांत मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो. विजेची एक वायर थेट चॅसीला जोडलेली असते. जुना दोन पिनांचा प्लग उलटा लावला की अख्खी लोखंडी चौकट २३० व्होल्टवर. वापरणाऱ्याला याचा त्रास होऊ नये म्हणून नॉब प्लास्टिकचे, झाकण हार्डबोर्डचं आणि स्क्रू आत दडवलेले असायचे. तुम्ही झाकण काढलं की ते संरक्षण गेलं. यावर उपाय एकच: एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज तेवढंच देतो, पण संच विजेच्या लाइनपासून वेगळा ठेवतो), किमान २०० ते २५० व्हीएचा. डिमरस्टॅट म्हणजे आयसोलेशन नव्हे. तो व्होल्टेज कमी-जास्त करतो, पण विजेच्या लाइनशी थेट जोडलेलाच असतो. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

दुसरा मुख्य फिल्टर कंडेन्सर. २३० व्होल्ट रेक्टिफाय केले की शिखराला ३२५ व्होल्ट होतात आणि ते प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची जुनी सवय सोडा. २५ वॉटचा फिलामेंटचा बल्ब होल्डरसकट दोन वायरींवर घेऊन कंडेन्सरच्या टोकांना लावा. भरलेला असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि विझतो. नंतर मीटरने खात्री करा.

तिसरी पिक्चर ट्यूब. वीस इंची ट्यूबवर चालू असताना सोळा-अठरा हजार व्होल्ट असतात, आणि ट्यूबची काच व तिच्यावरचा काळा लेप मिळून तीच एक कंडेन्सर बनते. साठलेली ऊर्जा फार नसते. पण झटका बसला की हात आपोआप मागे जातो, आणि मागे ट्यूबची नाजूक मान असते. मान तुटली की खेळ संपला. डिस्चार्ज करताना काळ्या लेपावरून जाणाऱ्या तांब्याच्या जाळीदार वायरीला क्लिप लावा, क्लिपची दुसरी बाजू चांगल्या इन्सुलेशनच्या लांब स्क्रूड्रायव्हरला, मध्ये जास्त व्होल्टेजचा मोठा रेझिस्टन्स असला तर उत्तम. स्क्रूड्रायव्हर रबरी टोपीखाली हळूच सरकवा. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा तेच करा, कारण काचेत मुरलेला चार्ज परत वर येतो. ट्रान्झिस्टर संचात हा चार्ज चॅसीवर कुठेही सोडू नका, जाळीदार वायरीवरच सोडा. नाहीतर ट्यूब रिकामी होईल आणि दोन-तीन ट्रान्झिस्टर जातील.

चालू संचात मोजमाप करताना एक हात खिशात. अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा, पायात रबरी चप्पल. आणि घरात दुसरं मोठं माणूस जागं असताना काम करा.

हत्यारं काय लागतील?

२५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, चांगलं सोल्डर, डिसोल्डर पंप, मल्टीमीटर, आणि सिरीज बोर्ड. सिरीज बोर्ड म्हणजे फेजच्या वायरीत एक बल्ब टाकलेला साधा सॉकेट, गल्लीतल्या कुठल्याही वायरमनला माहीत असलेला. त्यात एलईडी बल्ब चालत नाही, फिलामेंटचाच हवा. हायब्रिडला १०० वॉटचा, ट्रान्झिस्टरवाल्याला ६० वॉटचा. ऑसिलोस्कोप असला तर मजा आहे, नसला तर अडत नाही.

आतली धूळ कशी काढू?

कोरड्या रंगाच्या ब्रशने आणि व्हॅक्युम क्लीनरने. उच्च व्होल्टेज धूळ ओढून घेतं, त्यामुळे एलओटी आणि ट्यूबच्या टोपीभोवती काळा थर असतो. तो स्पिरिटच्या कापसाने पुसा, नाहीतर दमट हवेत तिथून चरचर आवाज करत वीज गळते. काळा लेप मात्र घासू नका, तो सर्किटचा भाग आहे. उंदरांनी घर केलं असेल तर मुताने पीसीबीवरच्या (सर्किटच्या पाटीवरच्या) तांब्याच्या रेषा हिरव्या पडून तुटलेल्या असतात. भिंग घेऊन रेष न् रेष बघा.

जुने मेकॅनिक सफाईला सीटीसी वापरायचे. घरात त्याची बाटली सापडली तर वापरू नका. कार्बन टेट्राक्लोराईड यकृताला विषारी आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या.

सगळे कंडेन्सर सरसकट बदलायचे का?

यावर दोन पंथ आहेत. मी मधला. इलेक्ट्रोलिटिक सगळे बदला, ती वादाची गोष्टच नाही. १०५ अंशांचे घ्या, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, मायक्रोफॅरड शक्यतो तेवढेच. कागदी आणि मेणात बुडवलेले असतील तर तेही काढून पॉलिएस्टरचे बसवा. सिरॅमिक आणि मायका यांना हात लावू नका, ते बहुधा आपल्याहून जास्त जगतील.

विजेच्या दोन वायरींमध्ये जोडलेला कंडेन्सर बदलताना एक्स-टू दर्जाचाच हवा.

सगळ्यात जपून बदलायचा तो लाइन आउटपुट ट्रान्झिस्टरशी (आडवं स्कॅनिंग करणारा, बीयू २०५ सारखा) जोडलेला ट्यूनिंग कंडेन्सर. त्याची किंमत मूळपेक्षा कमी पडली किंवा तो उघडा पडला की ईएचटी (ट्यूबला मिळणारं हजारो व्होल्टचं व्होल्टेज) एकदम चढते. ट्रान्झिस्टर जातो, एलओटी जळू शकते, आणि व्होल्टेज फार चढलं तर ट्यूबमधून क्ष-किरणही वाढतात. तिथे पॉलिप्रॉपिलीनचा, दीड-दोन हजार व्होल्टचा, आणि नेमक्या किमतीचा कंडेन्सर लावा. 'साधारण तेवढाच' इथे चालत नाही.

एका वेळी एकच बदला. एकदम दहा काढून ठेवले की कुठला कुठे होता हे तासाभराने कुणालाच आठवत नाही. आधी मोबाइलवर भरपूर फोटो काढा. आणि मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बघायला विसरू नका, बऱ्याच कंपन्या सर्किटचा कागद तिथेच चिकटवायच्या.

पहिल्यांदा वीज देताना काय बघायचं?

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, त्यावर सिरीज बोर्ड, त्यावर टीव्ही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर शुभ. पूर्ण प्रकाशाने पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. हायब्रिड संचाला डिमरस्टॅट असेल तर हळूहळू चढवत न्या.

खोलीतला पंखा बंद ठेवा आणि कान द्या. लाइन स्टेज चालू झाली की एक अगदी बारीक शिट्टी येते. आपल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत आडवं स्कॅनिंग सेकंदाला १५,६२५ वेळा होतं, ती त्याची शिट्टी. चाळिशी उलटलेल्यांना ती बहुधा ऐकूच येत नाही, तेव्हा घरातल्या एखाद्या शाळकरी पोराला दारात उभं करा.

हायब्रिडमध्ये पीएल ५०४ च्या आतली पत्र्याची प्लेट लाल होताना दिसली तर ताबडतोब बंद करा. तिला ड्राइव्ह, म्हणजे आधीच्या स्टेजचा सिग्नल, मिळत नाहीये. हीटरचा केशरी उजेड वेगळा, प्लेटचा लाल वेगळा. एकदा पाहिला की फरक कळतो.

पडदा उजळला, पण चित्र नीट नाही. सुरुवात कुठून करू?

लक्षणावरून.

चित्र वर किंवा खाली सरकत राहतं आणि व्हर्टिकल होल्ड फिरवूनही थांबत नाही: व्हर्टिकल ऑसिलेटरभोवतीचे कंडेन्सर आणि होल्डचा प्रीसेट. हायब्रिडमध्ये पीसीएल ८०५ बदलून बघा.

मध्यभागी फक्त एक आडवी पांढरी रेघ: व्हर्टिकल स्टेज बंद आहे. आधी ब्राइटनेस कमी करा, नाहीतर ती रेघ पडद्याच्या फॉस्फरवर कायमची भाजली जाईल. बाकी सगळं त्यानंतर.

आवाज ठणठणीत, पडदा काळा: शिट्टी येते का ते आधी ठरवा. येत नसेल तर लाइन स्टेज. येत असेल तर ईएचटी, ट्यूबचं हीटर आणि ट्यूबच्या सॉकेटवरची व्होल्टेज.

चित्राच्या कडा लाटेसारख्या हलतात, आडवे गडद पट्टे सरकतात, स्पीकरमध्ये घुमघुम: मुख्य फिल्टर कंडेन्सर.

चित्र चारी बाजूंनी आखडलेलं: मुख्य व्होल्टेज कमी. हायब्रिडमध्ये दमलेला पीएल ५०४ सुद्धा हे करतो.

टपली मारली की चित्र येतं: ड्राय सोल्डर, म्हणजे सोल्डरचा सुटलेला जोड. टपली ही आपल्याकडची राष्ट्रीय दुरुस्ती होती खरी, पण आता लाकडी काडीने पीसीबीवर ठिकठिकाणी हलकेच दाबून जागा शोधा आणि ती पुन्हा सोल्डर करा. एलओटी, योकचा (ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलचा) प्लग, मोठे रेझिस्टन्स आणि व्हॉल्व्हचे सॉकेट, जिथे उष्णता तिथे ड्राय सोल्डर.

पिक्चर ट्यूब गेली आहे का, हे संच चालू न करता कळतं का?

बरंचसं. ट्यूबच्या मानेजवळ काचेच्या आतून चंदेरी आरशासारखा डाग असतो, तो गेटर. तो चंदेरी असेल तर आत निर्वात आहे. पांढरा, दुधाळ झाला असेल तर हवा शिरली, ट्यूब संपली. मग हीटर मीटरने मोजा, थंड असताना काही ओहम दाखवला पाहिजे.

चालू केल्यावर चित्र उशिरा येणं, फिकट आणि चंदेरी दिसणं, ब्राइटनेस वाढवल्यावर पांढरे भाग काळपट पडणं ही दमलेल्या ट्यूबची लक्षणं. जुने मेकॅनिक हीटरला थोडं जास्त व्होल्टेज देऊन अशी ट्यूब 'बूस्ट' करायचे. उपाय खरा आहे, पण उधारीचा. थोडे महिने उजळ चित्र मिळतं आणि मग कॅथोड कायमचा बसतो. फिकट चित्रावर समाधान मानावं, असं माझं मत.

ट्यूब बाहेर काढावी लागली तर पडदा खाली करून जाड गादीवर ठेवा, मानेला धरून कधीही उचलू नका, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घाला. पडद्याभोवतीची लोखंडी पट्टी सैल करू नका. ट्यूब आतल्या बाजूला फुटू नये म्हणून ती ताणून बसवलेली असते.

चॅनेलचा नॉब फिरवला की चित्र येतं-जातं.

ट्यूनरचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि नॉब वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवा. पत्र्याच्या पट्ट्या वाकवू नका, आतल्या कॉइल हलवू नका.

सगळं चालतंय, पण पडद्यावर फक्त मुंग्या. अँटेना लावला तर दूरदर्शन लागेल ना?

नाही लागणार. दूरदर्शनने जमिनीवरून होणारं अॅनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळपास सगळीकडे बंद केलं. गच्चीवरचा यागी अँटेना कितीही फिरवा, त्याला पकडायला काही उरलेलं नाही. मुंग्या दिसतायत याचा अर्थ ट्यूनरच्या पुढचा बहुतेक सगळा संच ठीक आहे.

सिग्नल आपणच द्यायचा. सेट-टॉप बॉक्सच्या पिवळ्या-पांढऱ्या एव्ही सॉकेटमधून निघालेलं चित्र आरएफ मॉड्युलेटरमध्ये (चित्र-आवाजाला टीव्ही चॅनेलच्या सिग्नलमध्ये बदलणारा डबा), तिथून टीव्हीच्या अँटेनाला. डीडी फ्री डिशचा बॉक्स घेतला तर महिन्याचं भाडं नाही आणि सह्याद्रीही दिसतं. मोबाइल किंवा लॅपटॉपवरून द्यायचं असेल तर एचडीएमआय-एव्ही कन्व्हर्टर घ्या आणि त्याचं बटण पालवर, म्हणजे आपल्याकडच्या पद्धतीवर, ठेवा.

अडचण मॉड्युलेटरमध्ये येते. सत्तरच्या दशकातले संच फक्त व्हीएचएफचे, दोन ते बारा चॅनेल. ऑनलाइन मिळणारे बरेच मॉड्युलेटर यूएचएफचे असतात, ते या ट्यूनरला दिसतच नाहीत. काही व्हीएचएफ चॅनेल तीन-चार देतात पण अमेरिकन पद्धतीने. त्यात चित्र फाइन ट्यूनिंगने ओढून आणता येतं, आवाज मात्र येत नाही, कारण तिकडे चित्र आणि आवाज यांच्यातलं अंतर ४.५ मेगाहर्ट्झ आणि आपल्याकडे ५.५. विकत घेताना 'पाल बी, व्हीएचएफ, ५.५' हे तिन्ही विचारा. दोन हमखास जुगाड: मागे आरएफ आउट असलेला आपल्याकडचा जुना व्हीसीआर, किंवा केबलवाल्याकडे पडलेला मॉड्युलेटर. २०१२ ते २०१७ मध्ये केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल झाली आणि हे डबे भंगारात निघाले. अनेक जण हसत देऊन टाकतात.

संचाच्या मागे चपट्या वायरीचे दोन स्क्रू असतील तर मध्ये बॅलन (दोन प्रकारच्या वायरी जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लागेल, ७५ ओहम ते ३०० ओहम. आणि लाइव्ह चॅसी असेल तर अँटेनाच्या सॉकेटजवळचे दोन छोटे आयसोलेशन कंडेन्सर आधी तपासा. ते गळके असले तर तुमचा सेट-टॉप बॉक्सही लाइव्ह होईल. टीव्हीत व्हिडिओची वायर थेट घुसवायची युक्तीही अशा संचात याच कारणाने करू नये.

सुटे भाग कुठे मिळतील?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. कंडेन्सर, रेझिस्टन्स, डायोड तिथे सहज मिळतात. व्हॉल्व्ह, नॉब, योक यांच्यासाठी चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, आणि तालुक्याच्या गावातली बंद पडलेली टीव्ही दुरुस्तीची दुकानं. शेवटचा मार्ग सगळ्यात फलदायी. दुकानदार काकांना भाग मागण्याआधी संचाचा फोटो दाखवा, चहा सांगा आणि त्यांना बोलू द्या. भाग मिळो न मिळो, दोष मात्र कळतो. एलओटी हवी असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा मेलेला संच शोधणं हाच खात्रीचा उपाय.

कॅबिनेट आणि शटरचं काय?

आधी सगळी चॅसी बाहेर काढा, मग लाकडाला हात लावा. बहुतेक कॅबिनेट भरीव सागवानी नसतात, प्लायवर सागाचं व्हिनिअर असतं, आणि ते कागदासारखं पातळ. मशीनने घासलं की खालचा प्लाय दिसू लागतो. हाताने, २२० च्या पॉलिश पेपरने, रेषांच्या दिशेने घासा. सुटलेल्या कडा फेविकॉल भरून शिकंज्यात रात्रभर दाबून ठेवा. मूळ चमक हवी असेल तर चपडा लाख आणि स्पिरिटचं पॉलिश पातळ हातांनी चढवा. मेलामाइन टिकतं जास्त, दिसतं मात्र आजच्या फर्निचरसारखं.

शटर अडकतं ते दोन कारणांनी. खाचेत मळ साठतो, किंवा पट्ट्या ज्या कापडावर चिकटवलेल्या असतात ते कापड कुजतं. मळ असेल तर खाच साफ करून मेणबत्ती घासा, तेल घालू नका. कापड कुजलं असेल तर पट्ट्यांवर मागून क्रमांक टाका, कापड सोलून काढा आणि नवं कॅनव्हास चिकटवा.

एवढं करण्यापेक्षा आत एलईडी पॅनेल बसवलं तर?

तुमचा टीव्ही, तुमची मर्जी. पण चालण्याजोगी ट्यूब असलेल्या संचाचं असं करू नका. ट्यूब खरंच गेली असेल तर मग हरकत नाही.

आजोबांच्या कपाटात टीव्हीचं लायसन्स सापडलं. ते अजून भरावं लागतं का?

नाही. पोस्टात पैसे भरून टीव्हीचा परवाना घेण्याची पद्धत १९८० च्या दशकातच बंद झाली. पुस्तिका मात्र जपून ठेवा, त्यावर बऱ्याचदा संचाचं नाव आणि खरेदीच्या सुमाराची तारीख मिळते.

दुरुस्त झाल्यावर रोज लावू का?

आठवड्यातून एकदा तास-दीड तास लावणं सगळ्यात चांगलं. त्याने कंडेन्सर ताजे राहतात आणि ओल धरत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात जरूर लावा. मागची हवेची भोकं भिंतीला चिकटवू नका, वर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी ठेवायची जुनी हौस असेल तर निदान चालू असताना काढा. झोपताना बटणावर विसंबू नका, प्लगच काढा.

आणि नाहीच झाला दुरुस्त तर?

भंगारवाल्याला अख्खा देऊ नका. तो तांब्यासाठी योक तोडतो आणि ट्यूब नाल्यात फोडतो. तिच्या काचेत शिसं असतं. ट्यूब अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या. त्याआधी एलओटी, योक, ट्यूनर, चालू व्हॉल्व्ह, नॉब आणि शटरची किल्ली काढून वेगळ्या डब्यात ठेवा, डब्यावर मॉडेल क्रमांक लिहा. त्याच मॉडेलचा संच घेऊन एलओटी शोधत फिरणारं कुणीतरी नक्की आहे.